‘तुमच्याच मॉडेलची ओरिजिनल ग्लाइडलॉक चेन’ : १,६२,००० रुपये गेले, बाबांच्या रोलेक्सची मूळ चेनही गेली

एक लाख बासष्ट हजार रुपये आणि बाबांच्या घड्याळाची मूळ चेन, एवढं सगळं एका घड्याळाच्या दुकानदाराने एका दुपारी माझ्याकडून काढून घेतलं. बदल्यात जे हातात पडलं त्याची किंमत चार-पाच हजारसुद्धा नसेल. जुनं द्या, नवं घ्या आणि वर फरक भरा, हा प्रकार तुम्हाला माहीत आहेच. टीव्ही, फ्रीज, सोनं, सगळ्यांत चालतो. महागड्या घड्याळांच्या चेनमध्येही तो जोरात चालू आहे. यात फसलेला माणूस लाजेपोटी गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यावरच या लोकांचं पोट भरतं. मी घरी सांगायलाही बराच वेळ लावला. आता मात्र सगळं लिहितो आहे.

बाबा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. १९९६ साली सिंगापूरला त्यांनी रोलेक्सची स्टीलची सबमरिनर घेतली, मॉडेल १६६१०. त्यांच्यानंतर ती माझ्याकडे आली. घड्याळ उत्तम चालतं, त्रास होता तो चेनचा. त्या काळच्या चेनचं लॉक पातळ पत्र्याचं असतं, आणि टोकाचे, म्हणजे केसला (घड्याळाच्या डबीला) बसणारे तुकडे आतून पोकळ. इतक्या वर्षांच्या वापराने कड्या सैल होऊन चेन लोंबायला लागली होती. सकाळी डोंबिवलीहून निघताना घड्याळ मनगटावर फिरायचं आणि दुपारी दोनला तेच रुतायचं, कारण आपल्याकडच्या दमट उन्हात मनगट सुजतं. ज्याचं मनगट सुजतं त्यालाच हे कळेल. जुन्या लॉकला बाजूने बारीक छिद्रं असतात. टूथपिकने स्प्रिंग बार, म्हणजे चेन अडकवणारी स्प्रिंगची बारीक पिन, दाबायचा, एका छिद्रातून दुसऱ्यात सरकवायचा, आणि संध्याकाळी परत तेच. गर्दीच्या लोकलमध्ये हे करून बघा. एकदा बार उडून डब्यात पडला तेव्हा घड्याळ खिशात टाकून घरी यावं लागलं.

ग्लाइडलॉक या रोलेक्सच्या नव्या प्रकारच्या लॉकमध्ये ही कटकट नाही. लॉकच्या आत दातेरी पट्टी असते. चेनचं टोक किंचित उचलायचं, सरकवायचं, सोडायचं, की झालं. साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या टप्प्यांनी वीस मिलिमीटरपर्यंत चेन सैल किंवा घट्ट होते, आणि त्यासाठी कुठलंही हत्यार लागत नाही. मला हवं होतं ते इतकंच. महागडं घड्याळ मिरवायची हौस नव्हती. हे लिहितोय कारण ‘शौक महागात पडला’ असं म्हणणारे दोघं-तिघं भेटले आहेत. बाबांचं घड्याळ दिवसभर नीट घालता यावं, यात शौक कुठला आला?

दुकान मुंबईत, एका व्यापारी इमारतीत वरच्या मजल्यावर. दाराला बेल, आत एसी, काचेचं काउंटर, कॉफी. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी तिथूनच घड्याळ घेतलं होतं आणि ते अस्सल निघालं होतं, म्हणजे मी रस्त्यावरच्या कुणाकडे गेलो नव्हतो. मालकाने अगदी अदबीने बसवलं. “सर, बाबांची आहे ना? मग हिला हातही जपूनच लावायला हवा,” असं म्हणाला. मग ट्रेमधून दुसरी एक सबमरिनर काढून माझ्या मनगटावर चढवली. तिचं ग्लाइडलॉक मी स्वतः सरकवून पाहिलं. प्रत्येक दाता बोटाला जाणवत होता आणि लॉक मिटताना आवाज घट्ट, भरीव. ते लॉक खरं होतं. दाखवायचं खरं आणि बसवून द्यायचं दुसरंच, हीच यांची रीत. तुम्ही हाताळलेली वस्तू आणि तुम्हाला दिलेली वस्तू एकच आहे का, हे तिथल्या तिथे पाहा. लॉकच्या आतल्या बाजूचा फोटो आधी काढा आणि बसवल्यानंतर परत काढा.

तो म्हणाला, “तुमच्याच मॉडेलची ओरिजिनल ग्लाइडलॉक चेन आहे, एकच पीस उरलाय.” हे वाक्य लक्षात ठेवा, कारण हे वाक्यच खोटं आहे. ग्लाइडलॉक आलं २००८ मध्ये रोलेक्सच्याच डीपसी या घड्याळावर. स्टीलच्या सबमरिनरवर ते आलं २०१० मध्ये, ११६६१० या पुढच्या मॉडेलबरोबर. १६६१० बंद झालं आणि मग ते आलं. म्हणजे १६६१० साठी कंपनीने ग्लाइडलॉकची चेन कधी बनवलीच नाही. तुमच्या जुन्या सबमरिनरची ‘ओरिजिनल ग्लाइडलॉक’ असं जो म्हणेल तो एक तर दुसऱ्या मॉडेलची चेन घासून बसवतोय किंवा सरळ नकली देतोय. हे मला नंतर कळलं. घड्याळ घालणाऱ्याने मॉडेलची वंशावळ पाठ करावी अशी अपेक्षा धरणाऱ्यांना माझं विचारणं आहे की, तुमच्या गाडीच्या ब्रेक पॅडचा पार्ट नंबर तुम्हाला पाठ आहे का? आपण माहीतगाराकडे जातो ते त्याला माहीत असतं म्हणूनच.

आता ज्या क्षणाने मला आजही झोप लागत नाही, तो सांगतो. कारागीर घड्याळ घेऊन पडद्यामागे गेला. मालक माझ्याशी बाबांच्या जहाजाबद्दल बोलत होता, कुठली कंपनी, कुठला रूट. आणि आतून कानशीचा आवाज येत होता. खर्र, खर्र, थांबून परत खर्र. तो आवाज मी ओळखतो, बाबांच्या वर्कशॉपमध्ये लहानपणी तोच ऐकला आहे. मी विचारलंही, “आत काय घासतायत?” त्यावर मालक हसून म्हणाला, “दुसरं काम चालू आहे सर, तुमच्याला फक्त दोन पिना.” खुर्चीवरून उठून पडदा बाजूला करायला पाच पावलं होती. समोरचा माणूस माझ्या वडिलांची चौकशी करत असताना मी उठून त्याच्या दुकानाची झडती घ्यावी, हे कुठल्या माणसाला सुचेल? पण आवाज खरा होता. टोकाचे तुकडे माझ्या केसला बसत नव्हते म्हणून तो ते घासून बसवत होता, आणि घासताना केसच्या आतल्या बाजूला दोन खोल ओरखडे पाडले. ते ओरखडे बाबांच्या घड्याळावर आता कायमचे आहेत. अस्सल भागाला कानस लागत नाही. काम समोर करून घ्या. ‘आत करतो’ म्हणाला तर घड्याळ उचला आणि निघा.

पैशांचा हिशेब असा. सांगितलेली किंमत १,८५,००० रुपये. ठरली ती १,६२,०००, वर जुनी चेन बदल्यात. बिल मागितलं तेव्हा तो म्हणाला, बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९,१६० रुपये वर. मी नको म्हटलं, आणि या बाजारात दहातले नऊ जण नकोच म्हणतात, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ६२,००० यूपीआयने गेले. नाव दुकानाचं न येता कुणा भलत्याच व्यक्तीचं आलं, तर म्हणे, “भावाचं खातं आहे.” १,००,००० रोख. हातात आली एक ‘एस्टिमेट’ची चिठ्ठी. तिच्यावर फक्त ‘चेन चेंज’ लिहिलेलं, ना रोलेक्सचं नाव, ना मॉडेल, ना शिक्का. जुनी चेन घेतल्याचा तर उल्लेखच नाही. बिलाचे २९,१६० वाचवायला जाऊ नका. आणि जुना भाग कुठल्याही कारणाने दुकानात सोडू नका. या जुन्या चेनला संग्राहकांमध्ये चांगला भाव आहे. तो ‘मोडीत घेतो’ म्हणून हिणवतो आणि पुढे वेगळी विकतो.

सुरुवातीला बरं वाटलं. मग पावसाळी उकाड्यात मनगटाला खाज सुटली, पिनांच्या टोकांशी तपकिरी डाग दिसायला लागले, आणि लॉक जरा ओढ बसली की आपोआप एक दाता पुढे सरकायचं. एकदा स्टेशनच्या जिन्यावर बॅग खांद्यावर घेताना ते पूर्ण उघडलं. शर्टाच्या कफात अडकलं म्हणून घड्याळ वाचलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवलं तेव्हा तिथल्या माणसाने लुपमधून (डोळ्याला लावायच्या भिंगातून) पाहून मिनिटभरात सांगितलं: घड्याळ अस्सल, मशीन उत्तम, चेन आणि लॉक दोन्ही नकली. नकली चेनसकट सर्व्हिसला घेता येणार नाही. सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटवर त्याने तसं लिहून दिलं, आणि तोच माझ्याकडचा सगळ्यात मोठा कागद आहे.

दुकानदार आधी म्हणाला, “आमच्याकडून नेली तेव्हा बरोबर होती, तुम्ही बाहेर कुठे बदलली असेल.” जुनी चेन परत मागितली तर ती “दिल्लीच्या पार्टीला गेली.” पुढे फोन उचलणं बंद.

पोलीस ठाण्यात काय झालं ते ऐका. पहिला प्रश्न: “घड्याळ कुठाय?” मी मनगट दाखवलं. “मग गेलं काय?” मी चेन म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरचा हवालदारही हसला. एक लाख बासष्ट हजारांची चेन म्हणताच नजर बदलली, पण कीव आली नाही, ‘याच्याकडे एवढे पैसे आले कुठून’ असा तो चेहरा. दुकान आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. तिकडे गेलो तर ‘हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक कोर्टात जा.’ मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ छापून नेलं होतं, फसवून मालमत्ता घेतली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. साहेबांनी कागद न वाचताच परत सरकवला. नकली मालावर कंपनीचं नाव कोरून तो विकणं हा ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, म्हटलं, तर “मग कंपनीला तक्रार करू द्या.” हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर नोंदवावाच लागतो, हे मी त्यांना सांगतोय आणि ते मला बसायची खुर्चीही देत नाहीत! शेवटी एक ‘अर्ज’ घेतला, त्यावर आवक शिक्का मारून घ्यायलाही भांडावं लागलं. शिक्का घेतल्याशिवाय कुठलाही अर्ज देऊ नका. एफआयआर घेतला नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयाकडे लेखी पाठवा, पोस्टाने, पोचपावतीसह. मी पाठवलं आहे. उत्तर नाही. कर भरणारा, आयुष्यात कधी ठाण्याची पायरी न चढलेला माणूस तिथे आरोपीसारखा उभा राहतो आणि ज्याने लुटलं तो एसीत कॉफी पाजतो आहे!

बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. सायबर हेल्पलाइन १९३० आहे, पण तिचा उपयोग पैसे जाताच फोन केला तर होतो. ते त्या खात्यात पडून असेपर्यंतच अडवता येतात, आणि माझ्या डोळ्यांवरची पट्टी निघाली तेव्हा खातं केव्हाच रिकामं झालेलं.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची, त्यामुळे बिल नसलं तरी हातपाय गाळू नका. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, ती फालतू चिठ्ठी, सगळं जोडलं. व्हॉट्सॲपवर त्याने ‘ओरिजिनल ग्लाइडलॉक’ हे शब्द स्वतः टाइप केलेत. जे तोंडी सांगतात ते लिहून मागा, म्हणजे पुढे नाकारता येत नाही. आरामच हवा असेल तर जुन्या घड्याळावर चांगला नायलॉनचा किंवा रबराचा पट्टा लावा, हजार-दोन हजारांत भागतं, आणि मूळ चेन घरच्या कपाटात ठेवा. मी सध्या तेच करतो आहे, फक्त कपाटात ठेवायला चेन उरलेली नाही.

ती चेन अजून बाजारात असणार. चेनचा मॉडेल नंबर ९३१५०, लॉकच्या आतल्या पत्र्यावर कंपनीच्या शिक्क्याखाली बाबांनी जहाजावरच्या एनग्रेव्हरने स्वतःची आद्याक्षरं देवनागरीत कोरली आहेत, आणि सहा वाजताच्या बाजूच्या तिसऱ्या कडीवर हातोडीचा छोटा खड्डा आहे. कुणाला विकत दिली जात असेल तर घेऊ नका. लॉक उघडून आतला फोटो काढा, विकणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा आणि मला कळवा. त्या फोटोची मला आयोगासमोर गरज आहे.