इंदूरमधली स्वस्त पुस्तकं : खजुरी बाजार, किलोचं प्रदर्शन, रद्दी आणि टपाल (काही महिन्यांच्या वापरानंतर)

पुस्तक स्वस्त पडलं की नाही, हे बिलावर ठरत नाही. ते दोनतीनदा वाचून झालं, एक पावसाळा कपाटात राहिलं आणि तरी पानं जागेवर राहिली, की ठरतं. इंदूरमध्ये कमी भावात पुस्तकं मिळण्याच्या चारपाच तऱ्हा आहेत. सगळ्या वापरून झाल्यावरचं मत एकच : आधी पुस्तक ठरवा, मग त्याला साजेसं दुकान गाठा. एकाच ठिकाणाहून सगळं घ्यायला गेलं की पैसे वाया जातात.

अभ्यासाच्या पुस्तकांना राजवाड्याजवळच्या खजुरी बाजाराला तोड नाही. जुन्या प्रतींचा भाव छापील किमतीच्या निम्म्याच्या आसपास धरून बोलायला सुरुवात करावी. पेनाने रेघा मारलेल्या असतील तर आणखी खाली. एकेका पुस्तकावर घासाघीस करू नका. चारपाच पुस्तकांची थप्पी करून ‘भिया, सबका मिलाके बताओ’ म्हटलं की भाव लवकर उतरतो. परत घेताना काय द्याल, तेही त्याच वेळी विचारून ठेवावं. परीक्षा संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत माल भरपूर असतो. शाळा-कॉलेजं सुरू झाली की तीच प्रत महाग होते.

पण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, ती आवृत्तीची. एनसीईआरटीची तिसरी आणि सहावीची नवी पुस्तकं २०२४ मध्ये आली, चौथी, पाचवी, सातवी आणि आठवीची २०२५ मध्ये. त्याआधीचा संच कितीही कोरा दिसला तरी आज त्या वर्गाला कामाचा नाही. कायद्याचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिने जुन्या भारतीय दंड संहितेची जागा घेतली, त्यामुळे दंड संहितेच्या जुन्या प्रती मातीमोल भावात मिळतात. जुने खटले चालवणाऱ्या वकिलाला त्या लागतील, परीक्षार्थ्याला नाही. आयकराची जुनी गाइडं तर फुकट मिळाली तरी घेऊ नयेत. १ एप्रिल २०२६ पासून कायदाच नवा आहे. मुखपृष्ठावरच्या सालावर जाऊ नका. आत श्रेयपानावर आवृत्ती आणि पुनर्मुद्रणाचं साल वेगवेगळं छापलेलं असतं. त्यातलं आवृत्तीचं साल बघायचं. पुनर्मुद्रण म्हणजे बहुधा जुनाच मजकूर पुन्हा छापलेला.

एनसीईआरटीच्या नकली प्रतीही फिरतात. खऱ्या पुस्तकात ८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या), वॉटरमार्क असलेल्या कागदावर छापल्याची नोंद असते आणि पान उजेडासमोर धरलं की संस्थेचं चिन्ह दिसतं. नोंद आहे पण चिन्ह नाही, तर प्रत परत ठेवा.

फुटपाथवर आणि सिग्नलला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली खपाऊ इंग्रजी पुस्तकं मिळतात, ती बहुतेक चोरछपाईची. खऱ्या प्रतीच्या मुखपृष्ठावर नाव उठावाचं असेल, तर बोटाला लागतं. नकलीत ते सपाट असतं, फक्त सावली छापलेली असते. पानांवरचे आकडे एका उंचीवर राहत नाहीत, अक्षरं जाड आणि काळपट येतात, मागच्या पानाचा मजकूर पुढे दिसतो. प्लॅस्टिक काढून दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर तिथेच विषय संपला. ही पुस्तकं टिकतही नाहीत. कण्याला सरस इतका पातळ लावलेला असतो की पूर्ण उघडल्यावर तडा जातो आणि तिथून एकेक पान सुटायला लागतं. शिवाय हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे आणि लेखकाला यातून एक पैसाही मिळत नाही. आमच्या मते याकडे स्वस्ताईचा पर्याय म्हणून बघूच नये.

शहरात अधूनमधून हॉलमध्ये भरणारी किलोची प्रदर्शनं मात्र खरोखर कामाची आहेत, फक्त तिथे डोक्यात तराजू ठेवून फिरावं लागतं. हा माल बहुतेक परदेशी प्रकाशकांचा उरलेला साठा किंवा तिकडच्या वाचनालयांनी काढून टाकलेल्या प्रती. पानांच्या खालच्या कडेवर मार्करची काळी रेघ किंवा ठिपका दिसला, तर ती उरलेल्या साठ्याची खूण; पुस्तक न वाचलेलंच असतं, बिनधास्त घ्या. हिशेब असा : किलोचा भाव २०० रुपये असेल, तर २५० ग्रॅमची कादंबरी ५० रुपयांत पडते, ८०० ग्रॅमची पुठ्ठा बांधणीची १६० ला आणि चित्रांचं गुळगुळीत कागदाचं दीड किलोचं पुस्तक ३०० ला. म्हणजे किलोच्या हिशेबात पातळ, हलकी पुस्तकं फायद्याची. चकचकीत कागद वजनाला जड असतो. तरी स्वयंपाक, चित्रकला, बागकाम यांची तशी पुस्तकं इथे घेतलेली परवडतात, कारण नवी त्याच्या कितीतरी पट महाग असतात.

काही ठिकाणी किलोऐवजी खोक्याचा भाव असतो : झाकण बंद होईल इतकं भरा, ठरावीक रक्कम द्या. तिथे गणित उलटं होतं. वजनाला किंमत नाही, जागेला आहे. मोठी पुठ्ठा बांधणीची पुस्तकं आधी तळाशी आडवी लावायची, बाजूच्या फटीत साधारण ११ बाय १७.५ सेंटिमीटरची खिशातली पुस्तकं उभी सारायची. खोका भरायचाच म्हणून शेवटी नको ती पुस्तकं आत जातात. त्यापेक्षा लहान खोका घ्यावा.

वाचनालयातून आलेल्या प्रतीवर बाद केल्याचा शिक्का आहे का, ते जरूर पाहा. नुसता दाखल क्रमांक आणि वाचनालयाचा शिक्का असेल, पण बाद केल्याची खूण नसेल, तर ती प्रत कुणीतरी परतच न केलेली असू शकते.

जुनं पुस्तक कुठूनही घ्या, पैसे देण्याआधी एक तपासणी न चुकता करावी. पुस्तक फर्म्यांनी, म्हणजे मोठा छापील कागद घडी घालून केलेल्या पानांच्या जुड्यांनी बांधलेलं असतं, बहुधा १६ पानांचा एक फर्मा. बांधणीत घोटाळा झाला, तर एक फर्मा दोनदा लागतो किंवा आख्खा गळतो. म्हणून १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे झरझर बघत जायचं. सुरुवातीची पानं वेगळ्या क्रमांकाची असतील, तर सांधा थोडा पुढेमागे येतो. मिनिटभराचं काम आहे. कण्याच्या टोकाकडून पाहिलं की शिलाईच्या पुस्तकात फर्म्यांच्या घड्या वेगवेगळ्या दिसतात. नुसत्या सरसाच्या बांधणीत पानांचा सपाट ठोकळा दिसतो. दोन्ही सारख्या भावात मिळत असतील, तर डोळे मिटून शिलाईचं घ्या.

मराठी पुस्तकांचं इंदूरमध्ये वेगळंच आहे. नवं मराठी पुस्तक हवं तेव्हा दुकानात मिळेलच असं नाही. पण रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी वाचन चालत आलेलं आहे, आणि एखादं जुनं घर आवरलं गेलं की कपाटच्या कपाट रद्दीत जातं. तिथल्या रद्दीवाल्याशी ओळख ठेवावी आणि पुस्तकं वेगळी काढून ठेवायला सांगावं. रद्दीच्या भावाच्या दुप्पट दिले तरी तो खूश आणि आपणही. एकदा माल जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याकडे गेला, की एकेका पुस्तकाला भाव लागतो. दिवाळी अंकही रद्दीतूनच घ्यावेत. होळीपर्यंत ते निघायला लागतात.

रद्दीच्या पुस्तकाबरोबर कीड घरात येते. पांढऱ्या कागदावर पुस्तक उलटं धरून कणा हलकेच ठोकावा. ताजा बारीक भुगा पडला, तर आत जिवंत अळी आहे. असं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नये, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. तोवर ते कपाटात इतर पुस्तकांशेजारी ठेवायचं नाही. ओलसर वास असेल, तर झाकणाच्या डब्यात खाण्याच्या सोड्याची उघडी वाटी ठेवून शेजारी पुस्तक आठवडाभर राहू द्यावं. सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि चिकटा कागदात उतरतो. पानाच्या आतल्या कडेला फेविकॉलची बारीक रेघ, दोन्ही बाजूंना मेणकागद आणि रात्रभर वर वजन, एवढं पुरतं.

ऑनलाइन जुनं पुस्तक घेताना फोटो बहुतेक वेळा त्याच प्रतीचा नसतो. मुखपृष्ठावर न जाता तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, जुळवावा. त्यावरून आवृत्ती आणि बांधणी दोन्ही कळतात. पार्सल फोडताना व्हिडिओ काढला की परत करताना वाद होत नाही. एकच स्वस्त पुस्तक मागवलं, तर डिलिव्हरीचा खर्च पुस्तकाइतकाच होतो, म्हणून यादी साठवून एकदम मागवावं.

नवी मराठी पुस्तकं पुण्या-मुंबईहून मागवायची, तर प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदवलेली सगळ्यात चांगली पडतात. पाठवणाऱ्याला ‘ज्ञान पोस्ट’ने पाठवायला सांगा. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून सुरू केलेल्या या सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये लागतात, वर कर. पार्सल जमिनीच्या मार्गाने येतं, तेव्हा घाई असेल तर उपयोग नाही. नॅशनल बुक ट्रस्ट, साहित्य अकादमी आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्या पुस्तकांची छापील किंमतच इतकी कमी असते की त्यांच्या जुन्या प्रती शोधण्यात वेळ घालवू नये. मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत. आधी तिथे चाळून पाहा आणि हाताशी हवंच असं वाटलं, तरच छापील प्रत मागवा.