दुसरीच्या गणितासाठी आणलेली १०० मण्यांची माळ

माझ्या मुलीच्या दुसरीच्या वर्गात सध्या दोन अंकी संख्यांचे वाचन आणि लेखन चालू आहे. घरच्या सरावासाठी शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून १०० मण्यांची माळ १८० रुपयांना आणली, तिला आता दोन महिने झाले. दहा लाल, मग दहा पांढरे, असे मणी आलटून पालटून ओवलेले आहेत आणि खूण करण्यासाठी सोबत दोन चिमटे आहेत. माळ वापरायची कशी, हे सांगणारा साधा कागदही खोक्यात नव्हता.

मराठी माध्यमाच्या मुलांना या टप्प्यावर एक खास अडचण येते. 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी कानावर पडतात आणि लिहायचे मात्र चार आधी, त्यामुळे वहीत हमखास ७४ उमटतात. जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा हा त्रास कमी व्हावा म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनपद्धत देण्यात आली होती आणि त्यावरचा वाद थेट विधानसभेपर्यंत पोहोचला होता. त्या वादात मी स्वतः जुन्या नावांच्या बाजूचा होतो. मुलीची वही पाहिल्यावर तो आवेश बराच ओसरला आहे.

माळेवर ४७ दाखवायचे झाल्यास चार रंगगट ओलांडून पुढचे सात मणी मोजावे लागतात आणि मगच चिमटा लागतो. बोट आधी चाळीसवर जाते, सात नंतर येतात, म्हणजे लिहिण्याचा क्रम हाताला आपोआप कळतो. साधारण तीन आठवड्यांत मुलीचे अंक उलटे पडणे जवळजवळ थांबले. त्याहून मोठा लाभ 'एकोण'वाल्या संख्यांत झाला. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, हे शब्दांत कितीही समजावले तरी तिला पटत नव्हते. तिसऱ्या गटाच्या शेवटच्या मण्याआधी चिमटा लावला, तेव्हा ते नाव तिला प्रथमच अर्थपूर्ण वाटले. पुढे एकोणपन्नास, एकोणसाठ तिने स्वतःच शोधले. मग ९९ ला 'एकोणशंभर' का म्हणत नाहीत, असेही विचारले. 'नव्व्याण्णव' असे उत्तर दिले, कारण मात्र देता आले नाही.

हातच्याच्या बेरजेसाठी ही माळ अपुरी पडते. दहा सुट्टे एकत्र बांधून त्यांचा एक दशक होतो, ही क्रिया ओवलेल्या मण्यांत करताच येत नाही. त्यासाठी वर्गात वापरतात तसे काड्यांचे गठ्ठे आणि रबरबँडच हवेत, आणि त्यांना खर्चही नाही.

वस्तूच्या दर्जाबद्दल मात्र तक्रार आहे. दोरा लवचीक असल्याने माळ ओढली की मण्यांमध्ये फटी पडतात आणि चिमटा घसरतो. तो बदलून मी जाड सुती दोरा घातला. शिवाय सातव्या गटात नऊच मणी होते. ही चूक मुलीनेच पकडली, कारण सत्तरवर लावलेला तिचा चिमटा पांढऱ्या मण्यात जाऊन बसला होता. दुकानदाराने कुरकुर न करता एक सुटा लाल मणी दिला.