स्किमरचा मोजा: गुलमोहोराला चालतो, वळवाला नाही

गुलमोहोराची एकेक पर्णिका जेमतेम सेंटिमीटरभर लांब आणि दोन-तीन मिलिमीटर रुंद. पोहण्याच्या पूलचा स्किमर, म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी आणि कचरा ओढून घेणारं काठावरचं तोंड; त्याच्या बास्केटमधून ती उभी होऊन आरामात निसटते, पंपाच्या तोंडाशी असलेल्या हेअर-लिंट गाळणीतूनही बऱ्याचदा जाते आणि इंपेलरच्या, म्हणजे पंपात फिरून पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या, पात्यांत अडकून बसते. गाळणी उघडून पाहावी तर स्वच्छ, पण प्रेशर गेजचा काटा नेहमीपेक्षा खाली आणि रिटर्नच्या, म्हणजे पूलमध्ये परत येणाऱ्या पाण्याच्या, धारेत जोर नाही. असं दिसलं की इंपेलर चोंदलाय असं समजा. पंप उघडण्यावाचून गत्यंतर नसतं.

जो पाला इंपेलर पार करतो तो सँड फिल्टरमध्ये वाळूवर थर धरून बसतो. मग काटा उलट वर चढतो. स्वच्छ फिल्टरच्या प्रेशरपेक्षा ८ ते १० पीएसआय (दाबाचं एकक) वाढलं की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं, हा नेहमीचा नियम. मिनिटाला २०० लिटर ओढणारा पंप असेल तर तीन मिनिटांच्या बॅकवॉशमध्ये ६०० लिटर पाणी गटारात जातं, वर रिन्सचं, म्हणजे नंतरच्या खळबळण्याचं, वेगळं. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून बघावा.

स्किमर सॉक, म्हणजे बास्केटमध्ये बसणारा बारीक नायलॉन जाळीचा मोजा, यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पाकिटातून येतो, तोंडाला इलॅस्टिक असतं. बास्केट बाहेर काढायची, इलॅस्टिक तिच्या काठावरून बाहेरच्या बाजूने ओढून बसवायचं आणि जाळी हाताने आत तळापर्यंत दाबायची. ही शेवटची पायरी पूल ऑपरेटर हमखास गाळतात. मग जाळी वर गोळा होते आणि ओढ लागली की काठ सुटून मोजा पाइपच्या तोंडावर जाऊन बसतो. घेताना इलॅस्टिक दोन बोटांनी ताणून पाहा. ढिलं असेल तर तो जोड फुकट दिला तरी घेऊ नका.

गुलमोहोराच्या पर्णिका, सोनमोहोराच्या पाकळ्या, आंब्याचा मोहोर, कडुनिंबाची फुलं हे सगळं मोजा चोख अडवतो. खरी कसोटी काटेसावरीच्या कापसाची. तो ओला झाला की बास्केटच्या भोकांना चिकटून लगदा होतो. मोज्यात मात्र त्याची गुंडाळी होते आणि उलटा केला की सबंध निघते. बारीक धूळ मोज्याने अडत नाही, ती वाळूच गाळते. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

गडबड होते ती वळवाच्या पावसात. अर्ध्या तासात पूलभर पाला पडतो, मोजा गच्च भरतो, पंपाला पाणी मिळेनासं होतं. गाळणीच्या पारदर्शक झाकणाखाली हवेचे बुडबुडे फिरताना दिसतात, आवाज खरखरीत होतो आणि तसाच चालू राहिला तर मेकॅनिकल सील, म्हणजे पंपाच्या दांड्यापाशी पाणी गळू न देणारं सील, जळतं. म्हणून आभाळ भरून आलं की मोजा काढा, नुसती बास्केट ठेवा आणि पूलच्या तळाशी असलेल्या मेन ड्रेनचा व्हॉल्व्ह थोडा उघडा, म्हणजे पंप एकट्या स्किमरवर अवलंबून राहत नाही. पाऊस थांबला की पिशवीच्या जाळीने वरचा पाला काढायचा, मग मोजा परत.

पानगळीत दिवसातून दोनदा, एरवी एकदा साफ करणं पुरतं. उलटा करून बाहेरून पाण्याची धार मारायची, ब्रश लावायचा नाही. क्लोरीनमुळे इलॅस्टिक आधी जातं, जाळी नंतर. त्यामुळे एकेक न घेता पाकीटच घ्यावं. तुळशीबागेत मिळणारे बायकांचे स्किन कलरचे नायलॉनचे लांब मोजेही काम करतात, फक्त वीण जास्त घट्ट असल्याने लवकर भरतात. अडल्यावेळी ठीक.

मोजा घालूनही पाला पाण्यावर तरंगतच असेल तर दोष मोज्याचा नाही. स्किमरच्या तोंडाची झडप जागेवर आहे का ते पाहा. खडखडते म्हणून ती काढून टाकलेली असते आणि पंप बंद झाला की गोळा झालेला पाला परत पूलमध्ये येतो. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर हवी. वर गेली तर पृष्ठभाग ओढला जात नाही, खाली गेली तर हवा शिरते. फांद्या छाटायच्या असतील तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी काढा, झाड आपल्या आवारात असलं तरी.

पूलचा तळ व्हॅक्यूम करताना मात्र मोज्याचा उपयोग नाही. होज स्किमरला जोडताना मध्ये लीफ कॅनिस्टर, म्हणजे पाला अडवणारा डबा, लावावा. त्याच्या झाकणाच्या ओ-रिंगला (रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीसच लावायचं. व्हॅसलीनने रबर फुगतं आणि मग तिथूनच हवा ओढली जाते.

ओव्हरफ्लो पूल, म्हणजे काठावरून पाणी भोवतीच्या गटरमध्ये सांडणारा पूल, असेल तर हे पाकीट घेऊच नका, त्याला स्किमरच नसतो. तिथे गटरच्या ग्रेटिंगखालून बॅलन्सिंग टँकमध्ये (सांडलेलं पाणी साठवणाऱ्या टाकीत) पाणी पडतं त्या पाइपच्या तोंडाशी काढता-घालता येणारी स्टेनलेस स्टीलची जाळी बसवून घ्यावी आणि ती रोज झाडावी.