४.५ मिमीची स्प्रिंग एअर रायफल आणि घरगुती छर्रापेटी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कमी खर्चात कागदी लक्ष्यावर सराव करता यावा, एवढ्याच हेतूने मी देशी बनावटीची, बिजागरीवर नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणायची ४.५ मिमीची एअर रायफल घेतली आणि उन्हाळा व पावसाळा असे दोन्ही ऋतू ती नियमित वापरली. १२ बोअरच्या बंदुकीने सराव करण्याची हौस काडतुसांच्या किमतीपाशीच विरते. अमेरिकेतले हौशी नेमबाज घरी शिसे ओतून काडतुसे भरतात, तो मार्गही आपल्याकडे बंद आहे, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा ठरतो. एअर रायफलीचे तसे नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने जातो असे धरले, तरी ऊर्जा साडेआठ ज्यूलच्या आसपासच भरते.

नव्या रायफलीतून सुरुवातीला धूर येतो आणि आवाजही मोठा होतो. आतले कारखान्यातले तेल दाबाखाली पेटत असल्यामुळे हे घडते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र हवेच्या नळकांड्यात शिवणयंत्राचे तेल सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये.

खरी अडचण वेगळीच आहे. स्प्रिंग सुटली की रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते, आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच ही हालचाल सुरू झालेली असते. त्यामुळे दस्ता खांद्यात गच्च रोवून रायफल आवळून धरणाऱ्याचे छर्रे कागदावर चहूकडे विखुरतात. डाव्या तळहातावर ती नुसती टेकवावी, बोटे मिटू नयेत, हाताची जागा दर वेळी तीच ठेवावी आणि रायफलीला हवी तशी उडी मारू द्यावी. एवढे पाळल्यावर माझ्या छर्ऱ्यांचा पसारा दहा मीटरवर निम्म्याहून कमी झाला. त्यासाठी एक रुपयाही लागला नाही.

पैसे वाचवायचे असतील तर ते छर्ऱ्यांत मात्र वाचवू नयेत. स्वस्त डबीतले छर्रे हातात घेऊन पाहिले की काहींची कड चेपलेली दिसते; काही नळीत सैल घसरतात, तर काही अंगठ्याने दाबूनही बसत नाहीत. चपट्या तोंडाचे चांगले मॅच (स्पर्धेसाठीचे) छर्रे महाग असले, तरी कागदाला पंचाने पाडल्यासारखे स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण मोजताना वाद उरत नाही. शिवाय हे शिसे आहे. सरावानंतर साबणाने हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये आणि डबी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

छर्रे अडवणारी पेटी मी घरीच केली. जाड प्लायवूडचा खोका, मागच्या बाजूला वरची कड पुढे झुकेल अशी तिरपी बसवलेली लोखंडी पत्र्याची जाड पट्टी आणि तिच्यापुढे जुन्या सुती चादरींचे लोंबते पदर, इतकीच तिची रचना आहे. पदरांमुळे छर्रा मंदावतो, पट्टीवर आपटून खाली पडतो आणि उलटून येत नाही. चादरी अधूनमधून बदलाव्या लागतात. पेटीमागे भक्कम भिंतच हवी. गच्चीवर किंवा कुंपणाच्या दिशेने सराव करणे हा शुद्ध वेडेपणा आहे. डोळ्यांवर चष्मा प्रत्येकाने लावावा, बघणाऱ्यानेही.

उन्हाळ्यात परसात पूर्ण दहा मीटर मिळतात, पावसाळ्यात घरातल्या सात मीटरवर भागवावे लागते. स्पर्धेच्या लक्ष्याचा व्यास ४५.५ मिमी, त्यातला काळा भाग ३०.५ मिमी आणि दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिमी असतो. सात मीटरसाठी हेच लक्ष्य सत्तर टक्के आकारात छापले की काळा भाग सुमारे २१ मिमीचा होतो आणि डोळ्याला दहा मीटरइतकाच दिसतो. पण छर्ऱ्याचे भोक काही लहान होत नाही, त्यामुळे ते जास्त गुणांच्या वर्तुळाला अधिक वेळा शिवते आणि घरातले गुण नेहमी फुगलेले येतात. त्यांवर फुशारकी मारण्यात अर्थ नाही.

आता तक्रारी. दस्त्याचे स्क्रू झटक्यांनी सतत ढिले होतात, म्हणून प्रत्येक सरावाआधी ते तपासावे लागतात. पावसाळी हवेत नळीवर बाहेरून तेलाचे फडके फिरवले नाही, तर गंजाचे ठिपके उमटतात. ट्रिगर जड आहे आणि तो नेमका कधी सुटेल याचा अंदाज बांधता येत नाही. एवढ्या महिन्यांनंतरही मला त्याची सवय झालेली नाही. पिस्टनचे सील (हवा निसटू न देणारी चकती) सुटे मिळेल असे दुकानदाराने घेताना सांगितले होते, प्रत्यक्षात मागितल्यावर त्याने हात वर केले. रायफलीवर बसवलेली साधी दुर्बीणही या दुहेरी झटक्यापुढे टिकत नाही, तेव्हा मूळच्या साइटवरच (नेम धरायच्या खाचेवर) समाधान मानावे.

तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या कोल्हापुरात अनेक मुलांना थेट स्पर्धेतच उतरायचे असते. त्यांच्या पालकांनी ही रायफल घेऊ नये, कारण दाबलेल्या हवेवर चालणारी, झटका जवळजवळ न देणारी मॅच रायफल आणि तिची डायऑप्टर साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची) यांची सवय वेगळीच असते, आणि ती क्लबच्या रायफलीवर प्रशिक्षकासमोरच लावून घ्यावी लागते. ज्याला रविवारी सकाळी घरी तासभर शांतपणे कागद भोकसायचे आहेत, त्याने ही जरूर घ्यावी. मात्र सील आणि स्प्रिंगचा एक जोड त्याच बिलावर मागून घ्यावा.