आठ महिने वापरून: एक सुरी, एक ट्रायप्लाय कढई आणि अमळनेरच्या यात्रेतला तवा

मे महिन्यात घेतलेल्या वस्तूंबद्दल आता जानेवारीत लिहितेय, कारण नवीन भांडं पहिले पंधरा दिवस सगळ्यांनाच आवडतं, खरं काय ते पावसाळा आणि दिवाळी गेल्यावरच कळतं. आमचं घर जळगावात, सहा माणसं, दोन्ही वेळचा स्वयंपाक घरीच.

आधी मागचं सांगते. गेल्या वर्षी ऑनलाइन सेलमधे लाकडी स्टँडसकट सहा सुऱ्यांचा सेट घेतला होता, कंपनीचं नाव घेत नाही, दिसायला फार सुंदर, पण तीन महिन्यांत टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरायला लागली आणि एकीची मूठ हलायला लागली. पातं मुठीत अर्धंच घातलेलं होतं, त्यात पाणी शिरायचं. दोन मेल केले, उत्तर नाही. सासूबाई धुळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलतात, त्यांनी एक दिवस त्यातली सुरी अंगठ्यावर हळूच फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "धार नही ते इतल्या सुऱ्या कसाले लयनी व माय?" मला ते लागलं, कारण खरंच होतं, सहातल्या चार सुऱ्या स्टँडमधून कधी निघाल्याच नव्हत्या.

म्हणून यावेळी एकच घेतली. ८ इंची शेफ नाइफ, १४०० रुपये, पातं मुठीच्या शेवटापर्यंत अख्खं, स्टेनलेस, कडकपणा ५६ एचआरसी (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप, आकडा मोठा तितकं पातं कडक). जपानी सुऱ्या साठच्या आसपास असतात, धार जास्त टिकते पण पातं ठिसूळ, आणि आमच्याकडे गंगाफळ (लाल भोपळा), सुकं खोबरं, गूळ जे हाताला लागेल ते त्याच सुरीखाली येतं, तिथं पात्याचे टवके उडले तर काय करणार. ५६ वाली लवकर बोथट होते हे खरं, पण घरी धार लावता येते. आणि माझ्या मते सगळा मुद्दा इथंच आहे, तुम्ही ५०० ची घ्या नाहीतर ५००० ची, धार लावायचं शिकला नाहीत तर सहा महिन्यांनी दोन्ही सारख्याच.

धार लावायचा दगड घेतला १०००/६००० चा, म्हंजे एक बाजू खरखरीत आणि दुसरी बारीक, ९०० रुपयांना, आणि खरं सांगते या सगळ्या खरेदीत सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. भगोन्यात पाण्यात बुडवून ठेवायचा, बुडबुडे यायचे थांबले की झालं, खाली ओलं फडकं म्हंजे सरकत नाही. सुरीची पाठ दगडापासून करंगळीच्या जाडीएवढी उचलायची, साधारण १५ अंशांचा कोन होतो, आणि तो कोन न मोडता टाचेपासून, म्हंजे पात्याच्या मुठीकडच्या टोकापासून, पुढच्या टोकापर्यंत घासत जायचं. एका बाजूनं पुरेसं घासलं की पलीकडच्या कडेला बोटाला बारीक खरखर लागते, ती टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे लागली तरच बाजू बदलायची, मी पहिल्या दोन वेळा घाई केली आणि टोकाकडे धार आलीच नाही. ६००० च्या बाजूवर ती खरखर काढायची. मला अर्धा तास लागायचा, आता दहा मिनिटं, दीड-दोन महिन्यांतून एकदा. मधे धार गेल्यासारखी वाटली तर बहुतेक वेळा ती गेलेली नसते, नुसती कड दुमडलेली असते, स्टीलच्या सळईवर चार-पाच वेळा फिरवली की सरळ होते.

फरक कुठं दिसला तर भरताच्या सीझनमधे. आमच्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मधे जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि थंडी पडली की इथं घरोघरी आठवड्यातून एकदा तरी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, त्यात सुरीचं काम म्हंजे कांद्याची पात. बोथट सुरीनं पात चेंगरते, पाणी सुटतं, हिरवा चिकट लगदा होतो आणि भरीत पाणचट लागतं. धारेच्या सुरीनं प्रत्येक कडी सुटी पडते, पाटावरून हातानं उचलली तरी कोरडी असते. कांद्यानं डोळ्यात पाणी येणंही खूप कमी झालं, कारण कांदा चिरला जातो, चेंगरला जात नाही. वांगी, मिरची, लसूण मात्र बडगीतच, म्हंजे लाकडी उखळीत, ठेचतो, तिथं सुरीचं काय काम.

दुसरी परीक्षा श्रावणात झाली, उपासाच्या वेफर्ससाठी कच्ची केळी. ज्यांनी केलंय त्यांना माहितीय केळीचा चीक काय करतो, हाताला, पात्याला काळा थर बसतो आणि साबणानं हलत नाही. आधी हाताला आणि पात्याला तेलाचा हात फिरवायचा, आणि काम संपल्या संपल्या परत तेलाच्या फडक्यानं पुसून मग धुवायचं. तारेची घासणी लावू नका, ओरखडे जन्मभर राहतात.

विळी टाकलेली नाही हेही लिहिते. सासूबाईंची विळी ३० वर्षांची, घिसाड्यानं घडवलेली, साधं लोखंडी पातं, गंजतं पण धार काय सुरेख घेतं. मी एकदा त्याच दगडावर लावून दिली, वक्र पातं असल्यामुळे दगड हातात धरून फिरवावा लागतो, त्यादिवशी त्यांनी अख्खी मेथीची जुडी दोन मिनिटांत चिरली. पालेभाजी आणि गंगाफळाची मोठी फोड अजूनही विळीवरच सोपी. पण त्यांचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, म्हणून त्या ओट्याशी उभ्या राहून सुरी वापरायला लागल्या, अंगठा आणि तर्जनीनं पात्याची टाच धरायची ही पकड त्यांना आठवड्यात जमली.

आता कढई. ट्रायप्लाय, २४ सेंमी, २३०० रुपये. मधे ॲल्युमिनियम, आतबाहेर स्टील. स्टील उष्णता फार वाईट पसरवतं, ॲल्युमिनियम त्याच्या साधारण १५ पट चांगलं, म्हणून हे सँडविच. शेवभाजीच्या मसाल्यासाठी सुकं खोबरं भाजताना जुन्या पातळ स्टीलच्या कढईत बरोबर बर्नरच्या वर काळं वर्तुळ व्हायचं आणि कडेचं खोबरं पांढरंच, आता सगळं एकसारखं बदामी होतं. पहिला महिना मात्र सगळं चिकटत होतं आणि मी वैतागले होते. चूक माझी होती, थंड कढईत तेल ओतायचे. कोरडी कढई मध्यम आचेवर तापू द्यायची, पाण्याचा थेंब टाकला आणि तो चर्र न करता मोत्यासारखा पळायला लागला की मग तेल, मग फोडणी. मोठ्या आचेची गरजच पडत नाही, सिलिंडरही थोडा जास्त चालतोय असं मला वाटतं, मोजलं नाही.

लोखंडी तवा आणि कढई अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेतून आणली, वैशाखात बोरीच्या पात्रात दुकानं लागतात तिथून, तवा ४५०, कढई ६००. घरी आणून घासून, पुसून, अगदी पातळ तेल लावून धूर येईपर्यंत तापवलं, असं पाच वेळा. तेल पातळच लावा, जाड लावलं की चिकट राहतं. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी या तव्यावर जशी फुगते तशी नॉनस्टिकवर कधीच नाही, आणि नॉनस्टिक २६० अंशांच्या वर गेलं की त्याचा थर बिघडायला लागतो, भाकरीचा तवा तेवढा सहज तापतो, तिथं तो वापरूच नका. ऑगस्टमधे चार दिवस गावी गेलो आणि तवा ओलसर राहिला, परत आलो तर नारिंगी गंज. मीठ आणि अर्धं लिंबू घेऊन घासला, परत तेल मुरवलं, निघाला.

लोखंडी कढईत चिंचेचं काही करू नका. मी एकदा आंबट वरण केलं, काळं पडलं आणि लोखंडाची चव उतरली, मुलांनी खाल्लं नाही. लोह अन्नात उतरतं ते शरीराला चांगलंच, पण मेथीची भाजी, पिठलं या कढईत केलं तरी ते थोडं मिळतं. वांगंही त्यात काळवंडतं. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं, रात्रभर ठेवायचं नाही.

एक तक्रार, ट्रायप्लाय कढईसोबत झाकण आलं नाही, वेगळं घ्यायला गेले तर ५५० रुपये सांगितले. घरातली एक जुनी पितळी बरोबर बसते, तीच वापरतेय.