चाकांची बाजारपिशवी, नऊ महिने, जेनोवा (इटली): डावं चाक निखळल्यानंतरचा अनुभव

चाक निखळलं तेव्हा पिशवीत पाच किलो तांदूळ, बटाटे आणि तेलाची बाटली होती. कास्तेलेत्तो या टेकडीवरच्या भागातून आमच्या मद्दालेना वस्तीत उतरणाऱ्या सालितावर, म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांच्या चढणीवर, ते खडखडत पुढे गेलं आणि भिंतीला आपटून थांबलं. बाकीची वाट पिशवी खांद्यावर घेऊन उतरले आणि घरी येऊन त्याच रागात हे लिहायला बसले आहे.

पिशवीचे तपशील: 40 लिटर, दोन चाकं, 25 किलो वजन पेलण्याचा दावा. मला 29 युरोला पडली. कापड उत्तम आहे, शिवण एका जागीही उसवलेली नाही, दांडा सरळ आहे. तक्रार फक्त चाकाबद्दल आहे, पण चाकांच्या पिशवीत चाकच टिकत नसेल तर बाकीच्याचं काय करायचं? लोखंडी आसाच्या टोकाला पत्र्याची एक टोपी नुसती दाबून बसवलेली असते. तेवढ्यावर अख्खं चाक धरलेलं. ना खिट्टी, ना नट. वाण्याकडची हातगाडीसुद्धा अशी कोणी बनवत नाही.

जेनोवात अशी पिशवी चैन म्हणून घेत नाहीत. जुन्या शहरातल्या गल्ल्यांना इथे कारुज्जी म्हणतात. काही इतक्या अरुंद की दोन उघड्या छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मिटावं लागतं. गाडी आत येत नाही, त्यामुळे सहा-सहा, सात-सात मजली घरांतलं सगळं वाणसामान हातानंच येतं. आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही. आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. तिचे गुडघे दुखतात, म्हणून शहर कुठे सपाट आहे आणि कुठे नाही याचा नकाशा मी आधी तिच्यासाठी आणि मग या पिशवीसाठी पाठ केला. नऊ महिन्यांत हे शहर मला त्याच नकाशानं कळलं.

मद्दालेनात जमिनीला दगडी लाद्या आहेत, झिजून गुळगुळीत झालेल्या. कोरड्या दिवशी चाक छान चालतं, पावसात पिशवी आडवी घसरते. इथून दोन मिनिटांवर व्हिया गारिबाल्दी, आणि तिथे पाऊल ठेवलं की वेगळंच शहर लागतं: रुंद, समतल, दोन्ही बाजूंना महाल. 1576 पासून जेनोवाच्या गणराज्याकडे अशा महालांच्या याद्या असत, त्यांना रोल्ली म्हणत. परदेशी राजे आणि राजदूत आले की यादीतल्या घरांना त्यांना उतरवून घ्यावंच लागे. त्यांतले 42 महाल 2006 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. एका गल्लीत वाळत घातलेली चादर डोक्याला लागते आणि पुढच्याच रस्त्यावर संगमरवरी जिना दिसतो. इतकं जवळ-जवळ हे मी दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिलेलं नाही.

पश्चिमेकडे व्हिया देल कांपोवरून बाराव्या शतकातल्या पोर्ता देई वाक्का या वेशीतून गेलं की प्रे ही वस्ती. पर्यटकांना तिकडे जाऊ नका असं सांगितलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. तूरडाळ, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या मला तिथेच मिळाल्या. बांगलादेशी दुकानदार, सेनेगलची माणसं, जुने जेनोवावाले, सगळे एकाच गल्लीत. शिवाय वाट सपाट. या पिशवीसाठी सगळ्यात चांगला भाग तोच.

फोचे हा भागही सपाट आहे, पण का ते कळल्यावर तिथला सपाटपणा मला पहिल्यासारखा सुखाचा वाटत नाही. खाली बिझान्यो नदी झाकलेली आहे. 2011 आणि 2014 च्या पुरांत ती बाहेर आली. आता ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोराचा पाऊस लागला की मी तिकडे बाजाराला जात नाही.

बोक्कादासेला पिशवी नेऊ नका. मासेमारांची रंगीत घरं, छोटी खाडी आणि किनाऱ्यावर वाळूऐवजी गोटे. पाच पावलांत चाकं रुतली. आई मात्र तिथे भिंतीवर तासभर बसून राहिली.

आता कास्तेलेत्तो. पियात्सा पोर्तेल्लोजवळ टाइल्सच्या लांब बोगद्यातून आत गेलं की 1909 सालची सार्वजनिक लिफ्ट लागते. आत लाकडी बाकं आहेत. वर दार उघडलं की स्लेटच्या दगडाची करडी छपरं, बंदर आणि पलीकडे लांतेर्ना हा दीपस्तंभ. पहिल्यांदा वर आलो तेव्हा आई कठड्याला धरून म्हणाली, "अगं, मला न चढवता वर आणलंस!" त्या एका वाक्यासाठी मी या शहराचं पुष्कळ काही माफ करीन. व्हिया बाल्बीकडची दुसरी लिफ्ट तर आधी डोंगराच्या पोटात दोनशेहून जास्त मीटर आडवी जाते आणि मग उभी वर चढते. ती लिफ्ट बघायलाच दोन वेळा गेलो.

त्या दिवशी वरच्या दुकानात तांदूळ किलोमागे 40 सेंट स्वस्त होता. वर जाताना लिफ्ट घेतली. खाली येताना वाटलं, उतारच तर आहे. मधोमध विटांची पट्टी, दोन्ही बाजूंना दगड, रुंद आणि उतरत्या पायऱ्या. दर पायरीला सगळं वजन धाडकन आसावर येत होतं. पंधराव्या-सोळाव्या पायरीला टोपी निघाली. पिशवी अजिबात घेऊ नका. पाचपैकी दोन.

इथपर्यंतचं त्याच रात्री लिहिलं होतं. आता चार आठवडे झालेत आणि माझं मत बदललं आहे, म्हणून आधीचं न खोडता पुढे लिहिते.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर: पायऱ्यांवरून नेणं हा अयोग्य वापर, हमी लागू नाही. मी कळवलं की युरोपीय संघात ग्राहकाला किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते, आणि इटलीत पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो आधीपासून होता असंच धरतात. तसं नाही हे विक्रेत्यानं दाखवायचं. शिवाय हे शहरच पायऱ्यांचं आहे, तिथला पत्ता बघून तुम्ही पिशवी पाठवलीत. चौथ्या पत्रानंतर नवीन चाक पाठवल्याचा निरोप आला. पण चाक आलंच नाही. ‘पोचवलं’ अशी नोंद मात्र होती.

इथे नव्या माणसानं एक गोष्ट शिकलीच पाहिजे. जेनोवात घरांचे क्रमांक काळे आणि दुकानांचे लाल असतात, आणि दोन्हींची मोजणी स्वतंत्र चालते. त्यामुळे एकाच गल्लीत 23 दोनदा येतो, तोही शेजारी-शेजारी नाही. आमचा काळा 23. लाल 23 गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, एका म्हाताऱ्या मोचीकाकांचं चपला शिवायचं आणि किल्ल्या बनवायचं दुकान. पुडकं तिथे पडलं होतं. त्यांनी ते दहा दिवस फळीवर नीट जपून ठेवलं होतं, वर चिठ्ठी चिकटवून.

नवं चाक हातात घेऊन त्यांनी पत्र्याची टोपी नखानं उचकटून दाखवली. मग मला पिशवी आणायला लावली, आसाच्या दोन्ही टोकांना भोक पाडलं, वॉशर घातले आणि खिट्ट्या वाकवून बसवल्या. दोन्ही चाकांचे मिळून तीन युरो घेतले. मी पाच देत होते, त्यांनी दोन परत केले. आई सोबत होती. तिनं समोरच्या दुकानातून फारिनाता आणला. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल, तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं. पहिल्या घासाला म्हणाली, "हे तर आपलं बेसनाचं धिरडं!" काकांना मराठी कळलं नाही, पण त्यांनी आपली खुर्ची उचलून तिला दिली.

तेव्हापासून प्रेच्या सहा फेऱ्या झाल्या, चाक तसूभर हललेलं नाही. पिशवीला आता चार. एक कापलाय तो त्या टोपीसाठी. घेणार असाल तर दुकानातच उलटी करून आसाचं टोक बघा, आणि टोपी असेल तर भरण्याआधी खिट्टी बसवून घ्या. कास्तेलेत्तोवरून उतरताना मी आता लिफ्टच घेते.