एएनएम, जीएनएम की बीएससी नर्सिंग? गावातच काम करायचं असेल तर

बारावीचा निकाल लागला की आमच्या दारात चपला वाढतात. जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात आधी आरोग्य सेविका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटपासून सांगोल्यापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या ओळखीनं माणसं येतात. वडील टोपी मांडीवर ठेवून बसतात, आई बोलते, मुलगी गप्प. "बाई, हिला नर्सिंगला घालायचंय, कुठलं घालू?" यंदा मंगळवेढ्याकडची एक मुलगी मात्र स्वतःच बोलली. "मॅडम, मला पुण्याला जायचं नाही. आमच्याकडंच राहून काम करायचंय. मग काय घेऊ?"

हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तरही वेगळं द्यावं लागतं. शहरातल्या दवाखान्यात शेजारच्या खाटेपाशी दुसरी सिस्टर असते, वरच्या मजल्यावर डॉक्टर असतात. उपकेंद्रात पाच हजार लोकसंख्येमागे तुम्ही असता. तीस हजारांमागे असलेलं प्राथमिक आरोग्य केंद्र कधी आठ, कधी पंधरा किलोमीटरवर. म्हणून गावात काम करणारीनं कोर्स निवडताना फी आणि वर्षं पाहण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: शिकताना आपल्या हाताला काम किती मिळेल, आणि नोकरीत अडचणीच्या वेळी आपला फोन कोण उचलेल.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते. २०१५ च्या पावसाळ्यात रात्री अडीचला अक्कलकोट तालुक्यातल्या एका उपकेंद्रातून फोन आला. नवीन सिस्टर, रुजू होऊन चार महिने झालेले. बाळ झालं होतं, रडलं होतं. गर्भाशय आवळायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन तिनं मिनिटाच्या आत मांडीत दिलं होतं, वार पूर्ण पडली होती. पण रक्त थांबत नव्हतं. "मॅडम, पोटावर हात ठेवलाय, पण गर्भाशय मऊच लागतंय." मी विचारलं, लघवी काढलीस का? पलीकडं शांतता. तुडुंब भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही, हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतं. त्या क्षणी आठवलं नाही. कॅथेटर घालायला लावला, सलाईन सुरू करायला लावलं, एक हात पोटावर चोळत ठेवायला सांगितला, आशाताईला १०८ ला फोन करायला बसवलं. मी फोन कानाला धरून होते. काही मिनिटांनी ती म्हणाली, "मॅडम, आलं, चेंडूसारखं कडक आलं." गाडी आली तेव्हा बाई बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्रात गेले. पोरगी हुशार होती, मनानं चांगली होती. पण ज्या खासगी शाळेतून ती शिकली होती, त्या शाळेला स्वतःचं रुग्णालय नव्हतं. केसबुकात, म्हणजे शिकताना केलेल्या कामाच्या नोंदवहीत, प्रसूती भरलेल्या होत्या, सह्या होत्या. तिनं स्वतःच्या हातानं केलेल्या मात्र मोजक्याच, बाकी दारात उभं राहून पाहिलेल्या. दोष तिचा नव्हता. पैसे भरून तिच्या आईवडिलांची फसवणूक झाली होती, आणि त्याची किंमत त्या रात्री तिसरीच बाई मोजणार होती.

आता तिन्ही वाटांकडं येऊ.

एएनएम दोन वर्षांची. बारावी कुठल्याही शाखेची चालते. नाव नोंदलं जातं ते सहायक परिचारिका प्रसाविका म्हणून. हा कोर्स मुळातच गावासाठी आखलेला आहे: लसीकरण, गरोदर मातेची तपासणी, प्रसूती, घरभेटी, कुटुंब नियोजन. जिल्हा परिषदेची आरोग्य सेविकेची भरती निघाली आणि निवड झाली तर नोकरी कायम, वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१००. मी याच वाटेनं गेले आणि मला एक दिवसही कमीपणा वाटला नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयानं टाटा रुग्णालयाच्या साथीनं शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी तिथं प्रशिक्षण दिलेल्या एएनएमच करत होत्या. एकदा एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी केलेल्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, जगभर वाचला गेला. एएनएमला कमी लेखणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

पण एएनएमची भिंत लवकर लागते. अधिपरिचारिकेच्या, म्हणजे रुग्णालयातल्या स्टाफ नर्सच्या, जागेला अर्ज करता येत नाही. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्या पदालाही एएनएम चालत नाही. आरोग्य सहायिकेची बढती मिळते, पण ती यायला केस पांढरे होतात. भरती पाच-पाच वर्षं लांबते आणि तोवर मुलगी कुठल्यातरी नर्सिंग होममध्ये तुटपुंज्या पगारावर राबते. हेही सांगायलाच हवं.

जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी, तीन वर्षांची. बारावीला कुठलीही शाखा चालते, पण शास्त्र असेल तर बरं पडतं आणि इंग्रजी पास लागतं. इथून दोन दारं उघडतात. एक अधिपरिचारिकेचं: ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सोलापूरचं सिव्हिल, वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४००. दुसरं समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं, त्यासाठी सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा कोर्स करावा लागतो. पुढं वाटलं तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बीएससीही होता येतं.

बीएससी नर्सिंग चार वर्षांची. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि सीईटी. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. शिक्षण इंग्रजीत, आणि आमच्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुलींना पहिलं वर्ष जड जातं. पण जी तिथं टिकते ती पुढं सहसा अडत नाही. नव्या अभ्यासक्रमात समुदाय आरोग्याचा तो कोर्स आतच घेतलेला आहे. फीचा धसका असेल तर एक माहीत असू द्या: २०२४ पासून इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक पदवीची शिक्षण व परीक्षा फी शासनानं माफ केली आहे. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश फेरीतूनच घेतलेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की माफी नाही. एजंट हे सांगत नाहीत.

बीएससीचा धोका मला वेगळाच वाटतो. चार वर्षांत मुलीला अतिदक्षता विभागाची, मोठ्या शहराची सवय लागते. बरोबरच्या सगळ्या पुण्याला निघतात. त्यात वाईट काही नाही, पण जिला गावात परतायचंय तिनं सुट्टीत आपल्या उपकेंद्रात जाऊन बसायची सवय सोडू नये.

आरोग्य सेविका व्हावं की समुदाय आरोग्य अधिकारी, हा पुढचा पेच. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला मानधन २५,००० आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत. काम बरंचसं तिशीपुढच्या माणसांचं: रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासणं, गोळ्या सुरू राहतात का पाहणं, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी बोलून रुग्ण दाखवणं. तंबाखूची मशेरी घरोघरी लावली जाते अशा जिल्ह्यात हे काम फार मोलाचं आहे. पण पद कंत्राटी. राष्ट्रीय आरोग्य अभियानात दहा वर्षं भरलेल्यांना सामावून घ्यायचा निर्णय शासनानं २०२४ मध्ये घेतला. ही पदंच आयुष्मान भारत आल्यावर भरली गेली, त्यामुळे आत्ता रुजू होणारीला तो आकडा फार लांब आहे. घरात दुसरी कमाई असेल तर हे पद घ्यावं. एकटीवर घर असेल तर कायम भरतीची वाट सोडू नये, दोन्हीकडं अर्ज करत राहावं.

पाठबळाचं म्हणाल तर ते कोर्सवर ठरत नाही, जागेवर ठरतं. नेमणूक मिळाली की आधी क्वार्टर पाहा. नळाला पाणी येतं का, रात्री आतून कडी लागते का, बाथरूमला दार आहे का. हे विचारताना मुली लाजतात, लाजू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर मुख्यालयी राहतात का, हे गावातल्या किराणा दुकानात कळतं. रुजू झाल्यावर कुशल प्रसूतीचं २१ दिवसांचं प्रशिक्षण मागून घ्या. नाव आपोआप येईल म्हणून बसू नका. केसबुकात राहिलेली कसर तिथं भरून निघते.

आपल्या करमाळ्याला लागून जामखेड आहे. १९७० मध्ये तिथं काम सुरू केलेल्या डॉक्टर आरोळे दांपत्यानं गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. तिथलं मला पटलेलं एक: प्रशिक्षण एकदाच देऊन सोडलं नाही. बायका पुन्हा पुन्हा एकत्र यायच्या, गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या, त्यातूनच पुढचं शिकायच्या. आपल्याकडच्या मासिक सभेत निम्मा वेळ अहवाल जुळवण्यात जातो. माझं तरुण सिस्टरांना सांगणं आहे की, सभा संपल्यावर चहाला अर्धा तास थांबा आणि महिन्यातली एक अवघड केस एकमेकींना सांगा. तुमचा रात्रीचा फोन उचलणारी माणसं त्या अर्ध्या तासात तयार होतात.

भाषेचंही बघा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या सीमेवर बायका कन्नड बोलतात. मी तिथं गेले तेव्हा बाई "ब्यानी, ब्यानी" म्हणत होती आणि मला वाटलं काहीतरी मागतेय. म्हाताऱ्या दाईनं सांगितलं, कळा येतायत गं. त्या भागातली मुलगी त्या भागातच सिस्टर झाली तर हे तिला शिकावं लागत नाही. ऊस पट्ट्यात अडचण आणखी वेगळी. हंगामात बीडकडून टोळ्या येतात, कारखान्याच्या कडेला कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात, गरोदर बाया भल्या पहाटे फडात निघून जातात. त्यांचं कार्ड त्यांच्या गावात, बाळ तुमच्या हद्दीत. तिथं दुपारी दोनला लस घेऊन जाऊन उपयोग नाही, संध्याकाळी चुली पेटल्यावर जावं लागतं. हे कुठल्याच कोर्समध्ये नीट येत नाही.

तर मंगळवेढ्याच्या त्या मुलीला मी काय सांगितलं? तिला शास्त्र शाखेत बरे गुण आहेत. म्हटलं, सीईटीतून फी माफीची बीएससीची जागा मिळाली तर डोळे झाकून घे. नाही मिळाली तर कोट्यातून पैसे भरून बीएससी करू नको, स्वतःचं रुग्णालय असलेल्या शाळेत जीएनएम कर. आणि घरची ओढाताण एवढी असेल की तीन वर्षंही निघणार नाहीत, तर एएनएम कर, बिनधास्त कर, पण सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयाच्या शाळेत.

वडिलांना वेगळं सांगितलं. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी शाळेची भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता चालू वर्षाची आहे का, कागद मागून पाहा. मग ऑफिसात न बसता सकाळी आठला, पाळी बदलते तेव्हा, त्यांच्या प्रसूतिगृहाच्या दाराशी जा. रात्रपाळी करून बाहेर पडणारी शेवटच्या वर्षाची एखादी मुलगी गाठा, तिला चहा पाजा आणि एवढंच विचारा: पोरी, आजपर्यंत तुझ्या स्वतःच्या हातात किती बाळं आली?